हरसूलचा वेताळ आणि मंजिरीची कादंबरी

हरसूलला जायचं ठरलं ते मंजिरीच्या कादंबरीमुळे. तुम्ही जाणार असाल तर कारण वेगळं शोधा. रस्ता तोच आहे.

मंजिरी आणि मी सातपूरच्या एका कारखान्यात काम करतो. ती डिझाइनला, मी क्वालिटीला. दिवसभर तयार भागांना मापाचा गेज लावायचा आणि पास किंवा रिजेक्ट म्हणायचं, हे माझं काम. ड्यूटीनंतर घरी बसून तिने चार वर्षं खपून एक भयकादंबरी लिहिली. हरसूलजवळच्या एका पाड्यावर पाच मुलं, सगळी दहावी-अकरावीतली. प्रत्येकाकडे एकेक अमानवी शक्ती आणि त्यांच्या मागे एक वेताळ. नाशिकचा एक प्रकाशक सोमवारी हस्तलिखित बघणार होता.

"तू हो म्हणालीस तरच देईन," मंजिरी म्हणाली. "आई हो म्हणते, ताई हो म्हणते. त्यांना विचारण्यात अर्थ नाही."

ज्या भागाबद्दल लिहिलं तो तिने कधी पाहिलेला नव्हता. म्हणून आदल्या दिवशी, रविवारी, आम्ही दोघी निघालो.

नाशिकच्या जुन्या सीबीएस स्टँडवरून सकाळची एसटी पकडा. गंगापूर, गिरणारे, मग वाघेरा घाट. दोन तास धरून चाला. गिरणाऱ्यापर्यंत दोन्ही बाजूंना टोमॅटोचे मळे आहेत. खिडकी मिळाली तर घाटातून खोल दऱ्या दिसतात म्हणे. मला खिडकी मिळाली होती, पण मी मंजिरीचं शंभर-सव्वाशे पानांचं हस्तलिखित वाचत होते.

गिरणाऱ्यापर्यंत कादंबरी बरी होती. मुलं खरी वाटत होती, एकमेकांची टर उडवत होती. घाट लागला आणि त्यांना शक्ती मिळाल्या. एक मुलगी नजरेने ट्रक उचलते. एका मुलाला दुसऱ्याच्या मनातलं ऐकू येतं, तरी तो गणितात नापास होतो; वर्गातल्या हुशार मुलाशेजारी बसायचं त्याला सुचत नाही. वेताळ जिंकायला आला की कुणाला तरी आणखी एक शक्ती सापडते. शेवटी वेताळ पाठ फिरवून निघून जातो. मी शेवटचं पान उलटून पाहिलं, मागे आणखी एखादं चिकटलंय का म्हणून.

"कशी आहे?" मंजिरीने विचारलं.

"परतताना सांगते."

"म्हणजे वाईट."

"म्हणजे परतताना सांगते."

हरसूलला स्टँडजवळ वडे चांगले मिळतात, चहा फार गोड. आमच्या कॅन्टीनच्या मावशींची बहीण हिराबाई जवळच्या पाड्यावर राहते. तिच्याकडे जेवण होतं. खळ्यावर भाताचा ढीग पडला होता.

"या बायांनो," ती म्हणाली. "भुताची गोष्ट लिवली ती कोण?"

मी मंजिरीकडे बोट दाखवलं.

"हिला तर वारा लागला तरी पडंल."

नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि उडदाची आमटी खाऊन झाल्यावर हिराबाईच्या नवऱ्याने, देवरामने, धान्याच्या कणगीमागून एक गाठोडं काढलं. या भागात बोहाडा होतो, मुखवट्यांचा उत्सव. कुठलं सोंग कुणी घ्यायचं हे घराण्याप्रमाणे ठरलेलं असतं. देवरामच्या घरात वेताळाचं सोंग आजोबांपासून आहे. त्याने गाठोड्याला हात जोडले, मग त्यावरचं जुन्या धोतराचं फडकं सोडलं. आत वेताळाचा मुखवटा: लाकडी, रंगवलेला, एका कानाला उंदरांनी कुरतडलेला.

"भीती नाही वाटत?" मंजिरीने विचारलं.

"कुणाची?"

"वेताळाची."

"वेताळ मीच हाय," देवराम म्हणाला.

"भीती मला वाटते," हिराबाई म्हणाली. "नाचून आला का दोन-तीन दिस मान वळत नाय. त्याला चोळायला मी. वेताळ निजून ऱ्हातो आन लाकडं मीच आणते."

"लय जड हाय," देवराम म्हणाला. "घालायचा नाय, पण उचलून बघा."

मंजिरीने दोन्ही हातांनी उचलला आणि लगेच खाली ठेवला. मग तिने तांब्याभर पाणी पिऊन टाकलं. हिराबाईने विचारलं, "पोरीला आमटी तिखट लागली काय?"

परतीची एसटी अर्धी रिकामी होती. घाट संपायच्या आत मी सांगितलं.

"उद्या देऊ नकोस."

ती बाहेर बघत राहिली. "पूर्ण रिजेक्ट?"

"सुरुवात चांगली आहे. मुलांना शक्ती मिळाल्यावर त्यांना काहीच जड जात नाही. कुणी थकत नाही. मग वाचणाऱ्यालाही काही होत नाही."

"हे तुला मुखवटा बघून सुचलं."

"नाही. येतानाच कळलं होतं. शब्द तिथे मिळाले."

"चार वर्षं, सुलू."

"माहितीये."

गिरणाऱ्याला तिने जागा बदलली, पुढच्या बाकावर बसली. नाशिकला उतरल्यावर रिक्षाही वेगळी केली.

सोमवारी संध्याकाळी तिचा फोन आला. ती तरीही प्रकाशकाकडे गेली होती. त्याने पहिलं पान पाहिलं, बाकीची पानं अंगठ्याने चाळली आणि छापू म्हणाला.

"मग?"

"परत घेऊन आले. त्याने न वाचता हो म्हटलं. तू निदान वाचून नाही म्हणालीस."

मी बरं म्हटलं. तिने फोन ठेवला.

या गोष्टीला वर्ष होत आलं. आम्ही डबा एकत्र खातो. मंजिरी सुट्टीच्या दिवशी लिहिते असं तिच्या ताईकडून कळतं. मला दाखवत नाही आणि मी मागत नाही. कादंबरीबद्दल माझं मत बरोबर होतं, आजही तेच आहे. पण ती जेवताना मध्येच थांबून भिंतीकडे बघते, तेव्हा आता विचारेल म्हणून मी घास हातात धरून बसते. तिने विचारलं तर मला पुन्हा खरं तेच सांगावं लागेल.