पेटीवरचा आकडा

पुण्याच्या कारखान्यात शेजारच्या टेबलावरून सोल्डरिंगचा धूर आला, की भीमपूरचं दुकान आठवतं. तिथं भाऊकाका भजनी मंडळांसाठी अ‍ॅम्प्लिफायर बनवायचे. सातवीत शाळा सुटली तेव्हा मला त्यांनीच काम शिकवलं.

एकदा व्यापारी म्हणाला, "काका, सौ वॅट की पेटी पे हजार लिखो. पचास पेटी अभी उठाता."

"आवाज शंभराचा हाये, हजार काऊन लिहू?"

दुकान बंद पडेल या भीतीनं मीच म्हणाले, "लिहा ना काका, आकडाच तं हाये."

काका रागावले नाहीत, पण पेटीवर त्यांनी शंभरच लिहिलं. मला तो हट्टच वाटला. वर्षभरात दुकान बंद पडलं. ही नोकरीही त्यांनीच लावून दिली.

इथं मी पेट्यांवर असलेच फुगवलेले आकडे चिकटवते.

काका फोनवर विचारतात, "काय काम करून राह्यली, पोरी?"

"जोडणी," मी सांगते.