आक्काच्या मोटारीचा कोळसा

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासं झालं आणि बेळगाव-निपाणी मोटार कोळशावर धावू लागली. मागे लोखंडी टाकी बसवलेली. तीत कोळसा पेटवायचा, पंख्याचं हँडल फिरवून हात मोडून घ्यायचे, मग कुठे गॅस तयार होऊन इंजिन घुरघुरायचं. खानापूरच्या रानातून येणारा कोळसा पारखायचं काम माझ्या आप्पांकडे होतं. दोन तुकडे कानाशी धरून एकमेकांवर आपटायचे. खणखणीत वाजले तर पोत्यात. बद्द वाजले तर आत लाकूड कच्चं, त्याचा चिकटा इंजिनात बसून मोटार वाटेत अडणार. आप्पांचा कान चुकत नसे. मी त्यांच्याबरोबर कोळसा निवडायची, सोळा वर्षांची, कुणाचं ऐकून न घेणारी.

थोरली आक्का निपाणीला दिलेली. लग्नाला दोन वर्षं झाल्यावर सासरच्यांनी एकदाची पंचमीला पाठवली, तीही चौथ्या दिवशी परत यायचं बजावून. तीन दिवस ती बोलत होती आणि मी मुकाट ऐकत होते.

चौथ्या दिवशी सकाळी मी तिच्या मोटारीच्या पोत्यात अर्धी पाटी कच्चा कोळसा मिसळला. टाकी भरण्याआधी आप्पांनी सवयीने दोन तुकडे वाजवले. बद्द. आणखी दोन घेतले. तेही बद्द. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आता कानाखाली बसणार, असं मला वाटलं.

"दमट हाय जरा. श्रावण हाय न्हवं," ते म्हणाले आणि पोतं टाकीत रिकामं केलं.

मोटार बेळगावाबाहेरच्या काकतीपर्यंतही धड गेली नाही. दुपारी आक्का बैलगाडीतून परत आली. पदर काजळीने काळा झालेला आणि बाई हसत होती. मोटारीच्या मालकाने आप्पांना चारचौघांत झाडलं. "आताशा ऐकू कमी येतंय," एवढंच आप्पा बोलले. त्या संध्याकाळी ते आक्काच्या शेजारी बसून जेवले. तसं ते कधी बसत नसत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकेक तुकडा वाजवून घेतला. मोटार लगेच सुरू झाली. मला त्या चांगल्या कोळशाचा भयंकर राग आला.

निपाणीला मोटारीचं कारण कुणी ऐकून घेतलं नाही. हिचा पाय माहेरातनं निघत न्हाय, म्हणाले, आणि पुढच्या पंचमीला पाठवलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आप्पा दर श्रावणात निपाणीहून येणाऱ्या मोटारीपाशी जाऊन उभे राहत. आक्का आली ती आप्पा वारल्यावरच.

दहाव्याच्या दिवशी मी तिला सगळं सांगून टाकलं. "पोत्यात कच्चा कोळसा मीच घातलता. माझ्यापायी तुझं माहेर तुटलं."

"ठावं हाय," आक्का म्हणाली. "मोटारीत बसवताना आप्पा मला हळूच म्हणालते, पेटी टपावर टाकू नगस, मांडीवर घे. लौकर उतराय लागंल."

आता आक्काही नाही. तिच्या आठवणीने जीव कासावीस होतो तेव्हा ते पंचमीचे तीन दिवस मला आठवत नाहीत. मला तो चौथाच दिवस पुन्हा हवा असतो, ती निघायच्या आधीचा.