खुर्चीच्या गळ्यातली पाटी

वामनरावांकडे चार पाट्या होत्या. प्रत्येकीला सुतळी बांधलेली, गळ्यात अडकवण्यापुरती. तेलंगणातल्या नार्नूरजवळच्या त्या गावी मराठी शाळेत तीस वर्षं त्यांनी व्याकरण असंच शिकवलं. एकेका पोराच्या गळ्यात एकेक शब्द घालायचा आणि सांगायचं, "जा, आपला धनी शोध." 'काळा' जाऊन 'बैला'चा खांदा धरी, म्हणून तो विशेषण. 'झपझप' मात्र बैलाला ओलांडून थेट 'चालतो'चा खांदा धरी. ते क्रियाविशेषण. अंगणात धुरळा उडे, पोरं हसून लोळत.

पुढे पट घटला, मराठीचा वर्ग बंद पडला. पोरं तेलुगू-इंग्रजीकडे गेली. वामनराव निवृत्त झाले, पत्नी बयनाबाई वारल्या, मुलगा हैदराबादेत रमला.

राहिली एकटी पूनम, शेजारच्या भाग्यश्रीची मुलगी. तिला पैनगंगेपल्याड, महाराष्ट्रातल्या एका मराठी वसतिगृहाच्या शाळेत जायचं होतं आणि त्यासाठी परीक्षा होती. रोज पाचला ती यायची. वामनराव चारलाच दोन कप मांडून फाटकाकडे बघत बसायचे. पोरं नव्हती, म्हणून एक पाटी खुर्चीच्या पाठीला, एक बाजेच्या खुराला, एक पूनमच्या गळ्यात आणि चौथी त्यांच्या स्वतःच्या.

"गुरुजी, तुमी आज कोन?"

"मी 'चालतो'."

"मंग चाला ना! बसून काऊन राह्यले?"

आता एकच धडा उरला होता, शब्दयोगी अव्ययाचा. दोन दिवसांचं काम. पण तो संपला की शिकवणंच संपणार होतं. वामनराव म्हणाले, "तो उद्या." दुसऱ्या दिवशी डोळे चुरचुरत होते. तिसऱ्या दिवशी म्हणे, मागचंच पक्कं करू. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी चार वाजून गेल्यावर भाग्यश्री आली. वेचणीवरून तशीच आलेली, पदराला कापूस चिकटलेला.

"गुरुजी, पोरीचं डोकं चालत न्हाई का?"

"छे, हुशार आहे ती."

"मंग आठ दिस झाले, तेच ते घोकून राह्यली. रविवारी परीक्षा हाय. तिच्यानं होत नसंल तर तसं सांगा. कापूस येचाले नेते संगं."

वामनरावांना चटका बसला. खोट आपली आणि नाव पोरीचं!

"तिच्यात काही कमी नाही. मीच लांबवत होतो."

"काऊन?"

ते चुलीकडे वळले. भाग्यश्रीची नजर चुलीशी मांडलेल्या दोन कपांवर गेली. ती पुढे काही न विचारता निघून गेली.

त्या संध्याकाळी त्यांनी पूनमच्या पाटीवर 'मागे' लिहिलं, आपल्या पाटीवर 'वळतो' आणि खुर्चीच्या पाटीवर 'घर'.

"'तो मागे वळतो.' कुणाला धरशील?"

तिने त्यांचा खांदा धरला. "'वळतो'ले. क्रियाविशेषण."

"आणि 'घरामागे'?"

तिने गळ्यातली पाटी काढली आणि सुतळीने खुर्चीच्या पाटीशी करकचून बांधली. "आता घराचीच झाली. शब्दयोगी."

"कळलं म्हणायचं!"

"कवाच कळलं. तुमी डोळे चोळत होते त्या दिशी पुस्तकातून वाचलं मी."

"मग रोज यायचीस कशाला?"

"तुमी दोन कप मांडता न."

वामनरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. बराच वेळ पुसत राहिले.

पूनम पास झाली. जूनमध्ये पत्र्याची पेटी घेऊन पैनगंगेपल्याड गेली.

त्या दिवशी पाच वाजता वामनरावांनी एकाच कपाचं पाणी ठेवलं. चहा होईपर्यंत पाट्या आवरून ठेवाव्यात म्हणून उठले. बाजेच्या खुराची काढली, खुंटीवरची स्वतःची काढली. खुर्चीपाशी आले. 'घर' आणि 'मागे' अजून तशाच एकत्र बांधलेल्या होत्या, अक्षरं थोडी पुसटलेली. त्यांनी गाठीला बोट लावून पाहिलं. पोरीने घट्ट मारली होती.

चहा उतू जायला लागला, तेव्हा ते गाठ न सोडवताच आत गेले.