जाऊबाईंची परदेशी झाडं

आमच्या थोरल्या जाऊबाईंना सगळे ‘टेकडीवाल्या’ म्हणतात. काम शिवणाचं, पण नाव झालं ते झाडांमुळे. घरासमोरची टेकडी तेव्हा पार ओसाड होती. वारा सुटला की वाळत घातलेल्या कपड्यांवर मातीचा थर. जाऊबाईंनी शेजारपाजारच्या बायका गोळा केल्या आणि सरकारी रोपवाटिकेनं दिली ती रोपं लावली. बादल्यांनी पाणी वर नेलं. मीही नेलं, बडबडत. कंबर मोडून ठेवली या बाईनं आमची!

झाडं परदेशी, भराभर वाढणारी. बघता बघता टेकडी हिरवी झाली. जाऊबाईंनी मशीन खिडकीशी आणून ठेवलं. टीप मारता मारता वर बघायच्या. मूलबाळ नाही, दीर गेल्यावर तर त्यांना दुसरं काही उरलंच नव्हतं.

आणि घोळ घातला तो माझ्याच लेकीनं. ती रोपवाटिकेत कामाला. एकदा जेवताना म्हणाली, “काकू, तुमच्या झाडांखाली गवताची काडी उगवत नाही. पावसात माती अजून वाहतेच. ती काढून इथली मूळची झाडं लावायला हवीत.”

मी असे डोळे वटारले की तिचा घास घशातच अडकला. जाऊबाई ताट अर्धं टाकून आपल्या खोलीत गेल्या.

टेकडीवर राबलेल्या बायकांचं मंडळ होतं, त्याच्या बैठकीत लेकीचं म्हणणं सगळ्यांना पटलं, पण जाऊबाईंना तोंडावर सांगायची छाती कुणाची? त्या हो म्हणतील तेव्हाच हात लावायचा, असं ठरलं. अंगणात लेकीनं वाढवलेली रोपं खोळंबली. पिशव्यांत मुळं गोल गोल गुंडाळायला लागली. काकू-पुतणीचा अबोला, आणि निरोप पोचवून पोचवून माझा जीव मेटाकुटीला आला.

शेवटी एका सकाळी जाऊबाई मला घेऊन वर गेल्या. एका झाडाखालचा पाला सारून खुरप्यानं उकरत बसल्या. माती कडक, भाजल्यासारखी. एक कोंब म्हणून नाही. दुसऱ्या झाडाखाली तेच, तिसऱ्याखाली तेच.

“इतकी वर्षं मी नुसतं वरच बघत होते गं,” त्या म्हणाल्या. मला त्यांची फार दया आली.

घरी येऊन त्यांनी लेकीला विचारलं, “तुझी झाडं इथून दिसण्याएवढी कधी होतील?”

लेक चाचरली. “सावकाश वाढतात, काकू. पंधरा-वीस वर्षं तरी.”

जाऊबाईंनी सत्तरी कधीच ओलांडलेली.

“मग वाट कसली बघताय? तोडा.”

माती सगळ्यात जास्त वाहायची ती घराकडच्या उतारावरून, म्हणून तोच आधी घेतला. करवती चालल्या तेवढे दिवस जाऊबाई घराबाहेर पडल्या नाहीत. लावायला मात्र आल्या, बसून बसून खड्डे भरले. कौतुक करून थकत नव्हते तेच लोक आता दुकानात म्हणतात, म्हातारीनं टेकडीची वाट लावली. मेल्यांना लाज कशी नाही वाटत!

काल संध्याकाळी आम्ही दोघी पायरीवर बसलो होतो. रोपं गुडघ्याएवढी, खालून दिसतच नाहीत. समोर नुसती लाल माती.

“मी मेल्यावर लोक म्हणतील, हिनं टेकडी उघडी करून ठेवली.”

“म्हणू देत की!” मी उसळले. “मी आहे ना! टेकडी भरली की एकेकाला ओढत आणून दाखवीन.”

जाऊबाई हसल्या. “तू तरी कुठं तरणी आहेस गं,” म्हणाल्या, आणि माझा हात घट्ट धरून रडायला लागल्या.