काट्यावरचा मुक्काम

"चाक खोटं बोलत नाही," असं मिस्त्री उठताबसता म्हणायचा. सायकल कुठे आपटलीच नाही म्हणून गिऱ्हाईक गळ्याची शपथ घ्यायचं. मिस्त्री चाक उचलून नुसती एक गिरकी द्यायचा, आणि डुलणारं चाक गिऱ्हाइकाचं पितळ उघडं पाडायचं.

चाळीस वर्षं त्यानं लोकांची चाकं सरळ केली. स्वतः मात्र कुठे गेला नाही, कारण त्याला गाडी लागायची. बस अजून हललेली नसायची आणि हा खिडकीबाहेर वाकलेला. थोरली बहीण लग्न होऊन चारशे किलोमीटर लांब गेली. तिच्या दाराची चौकट त्यानं कधी पाहिली नाही. भेटायला तीच यायची, आणि डोळ्यांना दिसेनासं झाल्यावर तीही यायची थांबली.

मग तिचा फोन आला. उरलेल्या एका डोळ्याचं शुक्रवारी सकाळी ऑपरेशन. डॉक्टर कशाचीच हमी देत नव्हते.

"त्याआधी तुझं तोंड दाखवून जा," आक्का म्हणाली. "म्हातारा झालास म्हणतात. माझ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी नाही मानणार."

बासष्टाव्या वर्षी मिस्त्रीनं सायकल काढली आणि रविवारी पहाटे निघाला. रोज ऐंशी किलोमीटर धरले, तर गुरुवारी संध्याकाळी आक्काच्या दारात.

बुधवारी दिवस मावळता तो हमरस्त्यावरच्या एका वजनकाट्यापाशी आला, तेव्हा अजून एकशेदहा बाकी होते. उजवा गुडघा नारळाएवढा सुजला होता. आसपास उतरायला जागा नव्हती. काटेवाली बाई केबिनला कुलूप लावायच्या बेतात होती. ट्रक उभे करायच्या त्या लांबरुंद लोखंडी पाट्यावर हा सायकलीसकट येऊन थांबला, तशी तिनं खिडकीतून विचारलं, "रिकामी की भरलेली?"

"भरलेली," मिस्त्री म्हणाला. "आतून पार रिकामी."

ती हसली. आकडा शंभर किलोचा पडला. मिस्त्री आणि सायकल बाजूला झाले, कॅरिअरवरची पिशवी तेवढी पाट्यावर राहिली. वीस किलो.

"अहो काका, वीस किलो! रेल्वेचं इंजिन खोलायला चाललात की काय?"

"हत्यारं आहेत."

तिनं घरून आणलेल्या डब्यातलं त्याला वाढलं. जेवता जेवता त्यानं आक्काच्या ऑपरेशनचं सांगितलं, आणि मग दिवसाची कर्मकथा. दुपारी एका न्हाव्याच्या दुकानाबाहेर भिंतीला टेकलेली सायकल दिसली. रिम ब्रेकला घासत होती. मालकाला विचारावं, हे याच्या डोक्यातच आलं नाही. रस्त्यातच सायकल उलटी केली आणि आऱ्या ताणायला बसला. मालक अर्ध्या गालाला साबण घेऊन बाहेर धावला, "चोर! चोर!" म्हणत. गर्दी जमली. मालकानं सायकल चालवून बघितली आणि तो वरमला, तोवर दोन तास गेले होते.

"मग काय म्हणाला?"

"म्हणाला, आता मागचंही चाक बघा."

"आणि तुम्ही बघितलंत."

मिस्त्रीनं मान खाली घातली.

केबिनमध्ये पाय पसरायला जागा नव्हती. पाटा दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट होता. बाईनं साखळी लावून ट्रकांची वाट बंद केली, आणि मिस्त्री चादर पसरून तिथेच आडवा झाला. पाठीला ऊब लागली आणि चार दिवसांचा शीण एकदम अंगावर आला. केबिनमधल्या लाल आकड्यांत साठ उमटलं. एवढाच तो होता. बाईनं मशीन बंद केलं आणि ती घरी गेली.

सकाळी ती आली, तेव्हा तो गुडघ्याला फडकं आवळत बसला होता.

"चार दिवसांत किती सायकली केल्यात?"

"अकरा. वाकडं चाक दिसलं की पाय थांबतो."

"पाय नाही थांबत, ही पिशवी थांबवते. ती इथे ठेवा. हत्यारच नसलं तर बसाल कशाला?"

मिस्त्री भडकला. "हत्यारं टाकून मिस्त्री कसला गं? तू तुझा काटा सोडून जातेस का?"

"रोज जाते. संध्याकाळी घरी."

 मिस्त्रीनं गुडघ्यावरच्या फडक्याला गाठ मारली आणि पिशवी उघडली. पंप, एक पाना आणि पंक्चरची डबी काढून घेतली. बाकीची हत्यारं एकेक करून फडक्यात गुंडाळली, तान्ह्याला गुंडाळावं तशी, आणि पिशवी तिच्या हातात दिली.

"ओल लागू देऊ नको," तो म्हणाला. "आणि कुणाला वापरायला देऊ नको."

"नाही देत. निघा आता, ऊन चढतंय."

समोरच लांबलचक चढ होता. त्यानं पायडलवर पाय ठेवून पाहिला, गुडघ्यानं ऐकलं नाही. मग तो उतरला आणि हँडल धरून, उजवा पाय ओढत, चढाच्या कडेकडेनं चालू लागला.

पहिला ट्रक पाट्यावर आला. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला, तरी बाई दारातून हलली नाही. तेव्हा त्यानंही खिडकीतून मान काढून तिकडे पाहिलं.

"कोण गं तो?"

"आक्काकडे चाललाय," ती म्हणाली.

मग तो वळणाआड जाईपर्यंत दोघं बघत राहिले.