अन्वरची सीट

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही आहे असं छातीठोकपणे म्हणवत नाही. या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचायचो आणि बायकोला म्हणायचो, ‘यांना काही कामधंदे नाहीत का?’ आता स्वतःच लिहायला बसलोय... तेव्हा हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

मी गाडीवेडा माणूस. माझी मतं पक्की आहेत आणि ती कुणी न विचारताही मी सांगतो. गिअर हाताने टाकायचा असतो. क्लचवर पाय ठेवून चालवणारा आणि दुसऱ्याच्या पानातलं खाणारा, दोघेही मला सारखेच. आमच्या शहरातल्या मे महिन्यात छताला काच असलेली गाडी घेणाऱ्याला मी काय बोलणार? आणि गाडी रोज धुवायची नसते. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसलेल्या पुंडलिकनगरात राहून मी ओल्या फडक्यावर गाडी आरशासारखी ठेवलेली आहे.

गाडी जुनी, चौकोनी, पेट्रोलवरची. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाहीतर मूळ विषय राहील बाजूला आणि लोक तिच्या ॲव्हरेजवरून भांडत बसतील. ती माझी एकट्याची नव्हती. अर्धी माझी, अर्धी अन्वरची.

अन्वर आमच्याच शहरातल्या छावणी भागात राहायचा. आम्ही दोघं एकाच कारखान्यात, एकाच शिफ्टला. एकट्याला गाडी झेपणारी नव्हती म्हणून दोघांनी मिळून घेतली. एक आठवडा माझ्याकडे, एक त्याच्याकडे. लोक म्हणायचे, भागीदारीत भावाभावांचं पटत नाही, तुमचं काय पटणार! पण पटलं. भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून. तो सहा फुटांच्या वर आणि मी, म्हणजे, बायको उंच टाचांची चप्पल घालत नाही ती माझ्यामुळे. त्याने चालवलेल्या गाडीत बसलो की माझा पाय क्लचपर्यंत पोचायचा नाही. माझ्यानंतर तो बसला की गुडघे स्टिअरिंगला अडकायचे आणि तो शिव्या घालायचा, त्याही अस्सल दखनीत.

शेवटी आम्ही एक रिवाज पाडला. गाडी लावली की उतरल्यावर सीट आणि आतला आरसा दुसऱ्याच्या मापाने लावून ठेवायचा. स्वतःचा आठवडा असला तरी रोज. सीट ज्या लोखंडी रेलवर सरकते, तिच्यावर अन्वरने बायकोच्या, म्हणजे शबाना भाभींच्या लाल नेलपॉलिशने दोन रेघा मारल्या. पुढची माझी, मागची त्याची. ‘पंत,’ तो मला म्हणायचा, ‘गाडी में बैठा तो लगना मंगता की कुणीतरी आपली वाट बघत होतं.’

हे सगळं शहराचं नाव औरंगाबाद होतं तेव्हाचं. पुढे आम्ही दोघंही रिटायर झालो, गाडी मात्र चालूच राहिली.

अन्वर गेला तेव्हा मी नाशिकला होतो, भाच्याच्या लग्नात. सकाळी फोन आला... रात्री झोपला तो पहाटे फजरच्या नमाजला उठलाच नाही. मिळेल ती एसटी पकडली. ती येवल्याच्या पुढे तापून उभी राहिली. मी आयुष्यभर इंजिनांवर प्रवचनं दिली आणि त्या दिवशी रस्त्याच्या कडेला नुसता उभा होतो. छावणीत पोचलो तर माणसं कब्रस्तानातून परत येत होती. दुपारी जोहरच्या नमाजनंतर माती झाली होती. माझ्या मित्राचं तोंड मला बघायला मिळालं नाही. ही बोच अजून गेलेली नाही, जायचीही नाही.

गाडी दारातच उभी होती. आठवडा त्याचा होता. शबाना भाभींनी मला बोलावून किल्ली हातात दिली. म्हणाल्या, ‘भाऊ, काल गाडी लावून वर आले, मग म्हणाले, पंतचं सीट पुढं करायचं राहिलं. परत खाली गेले. मी म्हटलं सुबह करा, ऐकलं नाय.’

मी दार उघडून बसलो. पाय बरोबर क्लचवर. आरशात मागची काच बरोबर मधोमध. कसाबसा घरी आलो. गाडी लावली आणि सवयीने सीट त्याच्या रेघेपर्यंत मागे ढकलली, आरसाही वर केला. मग लक्षात आलं, कुणासाठी? पण पुढे ओढायला हात धजला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर सीट माझ्या रेघेवर. आरसाही माझा.

म्हटलं, काल आपलं डोकं ठिकाणावर नव्हतं. संध्याकाळी नीट बघून सीट मागे केली, कुलूप लावलं, किल्ली सदऱ्याच्या खिशात. सकाळी पुन्हा तेच. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, तुम्हीच विसरता. घरात दुसरं कुणी गाडी चालवणारं नाही.

खरं सांगू? भीती अशी वाटलीच नाही. उलट सकाळची ओढ लागली. दार उघडायचो, बसायचो, स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणायचो, ‘आलास का?’ जे तोंड मला बघायला मिळालं नव्हतं, त्याची थोडी भरपाई होत होती. भाभींना सांगावंसं फार वाटायचं, पण सांगितलं नाही. त्यांच्याकडे तो येत नसेल तर...

दिवाळीला मुलगी आली. तीही गाड्यांच्याच कारखान्यात इंजिनीअर आहे, वाण नाही पण गुण लागलाच. तिला सगळं सांगितलं. तिने खाली वाकून टॉर्च मारला आणि म्हणाली, ‘बाबा, रेलचे दात झिजलेत. तुम्ही गाडी उतारावर, नाक खाली करून लावता. सीट आपोआप सरकते. चालवताना ब्रेक मारला आणि सरकली तर स्टिअरिंगवर आदळाल.’ मी म्हटलं, गल्ली खोदली होती तेव्हा गाडी उलटी लावली होती, तरीही सीट पुढेच आली होती. आणि आरसा? ती म्हणाली, आरसा ढिला आहे. मी म्हटलं, ढिला आरसा खाली पडतो, माझ्या डोळ्यांच्या रेषेत येऊन थांबत नाही. पण रेल झिजली होती हे खरंच होतं. दुसऱ्या कुणाची असती तर मीच त्याला झापून गॅरेजला धाडलं असतं.

गॅरेजवाल्याने दुपारी रेल बदलून दिली. मी शेजारी चहा पीत होतो. उठून आलो तेव्हा जुनी रेल भंगारात गेली होती, दोन्ही रेघांसकट.

त्या दिवसापासून सीट एकदाही हललेली नाही. तुम्ही म्हणाल, बघा, दुरुस्ती झाली, विषय संपला. मग आरसा? त्याला कुणी हातही लावला नव्हता. तो आजही तसाच ढिला आहे. तोही त्याच दिवसापासून यायचा थांबला.

गाडीवाला म्हणून मी जे केलं ते बरोबर केलं, आज विचाराल तरी हेच सांगेन. पण वाईट वाटतं, फार वाटतं. त्याच्या मापाची खूणच मी घालवून बसलो.

अजूनही गाडी लावली की मी सीट मागे ढकलतो. आता रेघ नाही, त्यामुळे अंदाजानेच. त्याचे पाय आठवायचे आणि सोडून द्यायचं. सकाळी दार उघडतो, सीट रात्रीच्याच जागी असते. मग मी खाली हात घालून लिव्हर ओढतो आणि माझी सीट मीच पुढे घेतो.