पाठीवर काय लिहिलंय ते

दैवशालाला टेप लागत नाही. समोर बाई उभी राहिली की ती एकदा तिच्या खांद्यांकडे बघते आणि मागच्या फळीवरून नेमका मापाचा कपडा काढते. अंबड रस्त्यावरच्या वॉटर पार्कमध्ये साडीवर पाण्यात उतरू देत नाहीत, नायलॉनचे कपडे भाड्याने घ्यावे लागतात. त्या काउंटरवर दैवशाला नऊ वर्षं उभी आहे. जुन्या जालन्यात तिच्या आणि माझ्या खोलीत एकच भिंत, म्हणून मी तिची उषामावशी. चाळीस वर्षं मी तमाशाच्या फडात काढली. आता गुडघे नाचत नाहीत, पण जिथे चार माणसं एकीकडे बघतात तिथे मला अजून रंगमंच दिसतो. महिन्यातून एखादा दिवस मी तिच्याबरोबर जाते आणि काउंटरसमोरच्या बाकावर बसून तिचा खेळ बघते.

खेड्यातल्या बायका लाजत, एकमेकींना पुढे ढकलत येतात. दैवशाला प्रत्येकीची साडी घडी घालून तिच्याच पदराने बांधते, आणि प्रत्येकीची गाठ वेगळी मारते. मग बाई गळ्यातलं काढते. तिथे लॉकर आहेत, पण सोन्याची पोत लॉकरवर सोडायला कुणाचा जीव होत नाही. ती दैवशालाच्या हातात येते, रुमालात बांधली जाते आणि तिच्या कमरेच्या पिशवीत बसते. नऊ वर्षांत एक मणी इकडचा तिकडे झाला नाही. मी मोठमोठ्या कलावंतांना टाळ्या घेताना पाहिलं आहे. पण पहिल्याच भेटीत बाईने गळ्यातलं काढून हातावर ठेवावं, असा मान मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याच काउंटरवर आठवण म्हणून विकायचे टी-शर्ट आले. मॅनेजर हरिओमने गठ्ठे आणून टाकले. पुढे पार्कचं चित्र, पाठीवर एकेक वेगळं इंग्रजी वाक्य. कॉलेजची पोरं ते वाचून एकमेकांना कोपर मारायची आणि घेऊन जायची. दैवशाला सातवीपर्यंत शिकलेली, इंग्रजीचं तिचं काम मापाच्या अक्षरांवर भागतं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी तीर्थपुरीच्या बचत गटाच्या चौदा जणी सहलीला आल्या. तीर्थपुरी हे दैवशालाचं माहेर आणि गटाच्या पुढारी तुळजाबाई तिच्या चुलत्याची बायको. दिवसभर पाण्यात खेळून झाल्यावर त्यांची नजर लांब बाह्यांच्या टी-शर्टांवर गेली. कापूस वेचताना बोंडांची टोकं हाताला ओरखडतात, म्हणून बायका साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात. या वर्षी नवा कोरा, सगळ्यांचा सारखा, असं त्यांच्या मनात आलं. दैवशालाने हरिओमला गळ घालून भाव उतरवून घेतला आणि चौदा जणींना चौदा टी-शर्ट मापाने दिले.

आठ दिवस त्या ते घालून वेचणी करत होत्या. नवव्या दिवशी तुळजाबाईंची नात अर्पिता, दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेली, भाकरी घेऊन शेतात गेली. आजी वाकून वेचत होती. अर्पिताने आजीच्या पाठीवरचं वाचलं आणि भाकरीचं टोपलं तिथेच बांधावर ठेवलं. तोवर ट्रॅक्टरवाल्या पोरांच्या मोबाइलवर ते फोटो फिरून शिळे झाले होते. गावात माहीत नव्हतं ते फक्त त्या चौदा पाठींच्या मालकिणींना.

सोमवारी पार्क बंद असतो. मी दैवशालाच्या खोलीत शेंगा फोडत बसले होते. तुळजाबाई आणि अर्पिता आल्या, चौदा टी-शर्टांचं गठुडं उंबऱ्यात ठेवलं. दैवशालाने तांब्या पुढे केला.

"पाणी नको," तुळजाबाई म्हणाल्या. "गळ्यातलं तुझ्यापाशी ठिवून पाण्यात उतरलो आम्ही. गावची लेक म्हणून आल्तो. अन् तू आमच्या पाठीवर हे डकवून दिलंस."

मला इंग्रजी येत नाही, एवढं एक वाक्य म्हणून दैवशाला सुटली असती. मी त्याचीच वाट बघत होते. कुणीही तेच म्हटलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं.

"येत न्हाई मला इंग्रजी," दैवशाला म्हणाली. "पण पोरं हसून राह्यली हे दिसत होतं, काकू. मी इचारलं न्हाई. इचारलं असतं तर इकू वाटलं नसतं."

तुळजाबाईंनी एवढंच विचारलं, की आता माहेरी कोणत्या तोंडाने येणार.

तेव्हा मी शेंगांचं सूप बाजूला सारलं. म्हटलं, बसा, मीही एकदा असंच फसले होते. फडात एकोणीस वर्षांची नवी होते. मालकाने मला एक वाक्य दिलं, अर्थ सांगितला नाही. मी ते म्हटलं की तंबू हसून लोटपोट व्हायचा, आणि मला वाटायचं, काय माझी अदाकारी! पंधरा खेळ झाल्यावर आमच्यातल्या बेबीनंदाने मला भर दुपारी शेजारी बसवून अर्थ सांगितला. मी रडले. ती म्हणाली, आता कळलं ना, आता म्हणायचं तर म्हण, नाहीतर टाकून दे. मी तीन दिवस टाकून दिलं. चौथ्या दिवशी म्हटलं, माझ्या मर्जीने. तंबू तसाच हसला, पण या वेळी दोरी माझ्या हातात होती.

लोक मला विचारतात, तुम्ही तमाशातल्या, तुम्हाला असल्या वाक्यांचं काय वाईट वाटायचं? वाक्याचं मला काही वाटत नाही. चाळीस वर्षं त्याहून तिखट वाक्यांवर माझं पोट भरलं. वाईट याचं वाटतं, की बोलवता धनी एक, हसणारे दुसरे, आणि जिच्या अंगावर ते लिहिलं तिला पत्ताच नाही.

"आता वाचू," मी म्हणाले.

अर्पिता लाल झाली, तिला आजीसमोर ते सांगवेना. मग तिने माझ्या कानात सांगायचं आणि मी मोठ्याने म्हणायचं असं ठरलं. मी पदर खोचून उभी राहिले आणि शेवटच्या रांगेसाठी लावायचे तो आवाज लावला.

"घसरगुंडीपेक्षा माझ्यात मजा जास्त."

तुळजाबाईंनी नाकातून हवा सोडली. हसू होतं की राग, कळलं नाही.

"रांगेत उभे राहा, सगळ्यांचा नंबर लागेल."

हे त्यांच्याच पाठीवर होतं. दैवशालाने तो टी-शर्ट उचलला, उलटा केला आणि गुडघ्याखाली दाबून धरला.

"बघणं फुकट, हात लावला तर खर्चा येईल."

"पुन्यांदा म्हणा," तुळजाबाई म्हणाल्या. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी गठुड्यात हात घालून तो टी-शर्ट बाहेर ओढला आणि मांडीवर पसरला. "हे बराबर हाय. हात लावणाऱ्याला दवाखान्याचा खर्चा येईल. हा मी ठिवते."

मग त्यांनी तांब्या उचलला आणि त्या पाणी प्यायल्या. पण जाताना गठुडं तिथेच ठेवलं. म्हणाल्या, एकटीला सांगून भागायचं नाही, चौदा जणींपुढे तूच येऊन सांग, मावशीबाईंना आणायचं नाही.

दैवशालाने चार दिवस माझ्या खोलीत तालीम केली. वाक्य संपता संपता तिचा आवाज खाली बसायचा. मी सांगितलं, समोरच्या बाईकडे बघ आणि शेवटचा शब्द तिच्या हातात दे, पोत परत देतेस तसा. गठुडं घेऊन ती एकटी तीर्थपुरीला गेली. चौदा जणींना एकेक वाक्य सांगितलं आणि आपण विचारलं नाही, हेही सांगितलं. तुळजाबाई धरून तिघींनी टी-शर्ट राखले, अकरा परत आले. दोघी उठून गेल्या आणि तिच्याशी बोलायच्या बंद झाल्या.

तेव्हापासून काउंटरवर तिचा नियम आहे. अर्पिताकडून सगळी वाक्यं मराठीत लिहून आणली आहेत आणि टी-शर्ट पिशवीत घालण्याआधी ती घालणाऱ्याच्या तोंडावर वाचून दाखवते. मागच्या रविवारी मी बाकावर होते. एका तरुणाने बायकोसाठी रांगेवालं वाक्य निवडलं. दैवशालाने ते त्या बायकोकडे बघून स्वच्छ आवाजात वाचलं. तिने नवऱ्याकडे एकदा बघितलं, तो टी-शर्ट ठेवला आणि खर्चावाला उचलला. नवरा गेटपर्यंत तिच्या मागे मागे चालला होता.

हरिओम आला. गिऱ्हाईक पळतंय, वाचून दाखवायची काय गरज, ज्याला वाचायचं तो वाचेल, असं त्याचं म्हणणं.

"आपली पाठ आपल्याला दिसत न्हाई, साहेब," दैवशाला म्हणाली. "मंग कोणीतरी सांगाया पायजे."

हरिओम पुढच्या गठ्ठ्याचे कागद बघत उभा राहिला. रांगेवाल्या वाक्याचा गठ्ठा त्या आठवड्यात परत गेला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं तीर्थपुरीहून आलं आहे. तुळजाबाईंनी फोनवर सांगितलं की येताना खर्चावाले दोन आण. कुणासाठी, तेही सांगितलं. त्या उठून गेलेल्या दोघींसाठी.

दैवशालाने माप विचारलं नाही. त्यांचे खांदे तिला पाठ आहेत.